थीम पार्कवेड्यांनो, लिहा : राईड्स, नवी भर आणि पार्क चालवणारी माणसं (अनुभव धागा)

गोराईच्या खाडीत लाँच हलली की आमची सहल सुरू झाली असं मी धरायचे. डोंबिवलीहून दादर, दादरहून बोरिवली, तिथून बस आणि मग पाणी. आई मला कठड्यापासून चार हात लांब ओढून धरायची आणि मी पलीकडच्या झाडांवरून डोकावणारं काहीतरी उंच, रंगीत शोधत राहायचे. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. मी पहिल्यांदा गेले ती चौथीच्या मे महिन्यात. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधले पैसे तोवर जपून ठेवले होते.

पहिल्या रोलर कोस्टरवरून उतरले तेव्हा गुडघे लटपटत होते. मी रडतेय की हसतेय ते आईला कळेना. तिने पाण्याची बाटली पुढे केली तोवर मी परत रांगेत.

तिथली माझी शेवटची चक्कर २०१७ ची. भाच्यांना घेऊन गेले होते. ऊन फार होतं म्हणून चार वाजताच निघालो आणि एक राईड 'पुढच्या वेळी' म्हणून सोडली. मग करोना आला, सगळंच बंद झालं, आणि २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याची बातमी वाचली. शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं, ते चालू राहिलं. पण माझं लहानपण त्या कोरड्या बाजूला होतं. तिथून बाहेर पडताना मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं, हे अजून मनात आहे.

म्हणून हा धागा. तुमची राईड कुठली? ती कशी चालवली जाते, तिची निगा कोण राखतं, पार्कमध्ये नवीन काही आलं तेव्हा जुन्याचं काय झालं? रांग, सावली, तिकीट, कर्मचारी, काहीही लिहा. एकच विनंती : स्वतःची तक्रार असेल तर पार्कचं नाव घालू नका. चांगलं लिहाल तर जरूर घाला.

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळ्यात उंच राईडवरून पार्कची पारख होत नाही. वीस वर्षांच्या जुन्या राईडकडे ते कसं बघतं, त्यावरून होते. पटत नसेल तर भांडा, पण लिहा.

एडिसन, न्यू जर्सीहून

ताई, तुमचं 'पुढच्या वेळी' वाचून हात थांबला नाही.

आमच्याकडून तासाभरावर जॅक्सन गावात सिक्स फ्लॅग्जचं ग्रेट ॲडव्हेंचर आहे. इथल्या मराठी घरांत उन्हाळा आला की सीझन पास काढणं हे गणपतीच्या वर्गणीसारखं ठरलेलं. तिथे 'किंगडा का' होती. २००५ साली सुरू झालेली, ४५६ फूट उंच, त्या वेळी जगातली सगळ्यात उंच कोस्टर. गाडी सरळ रुळावर उभी असायची. काही सेकंद काहीच घडायचं नाही. आणि मग साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैल. डोळ्यांतलं पाणी कानाकडे जायचं, हे मी शब्दशः सांगतोय. वर सरळ नव्वद अंशात चढायचं, टोकावर क्षणभर अंग हलकं व्हायचं, समोर जंगलाची गोल रेघ दिसायची, आणि मग पिळा घेत खाली. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही. त्यासाठी मी दोन दोन तास उभा राहिलोय आणि एकदाही वाटलं नाही की वेळ वाया गेला.

कधीकधी जोर कमी पडायचा आणि गाडी टोक न ओलांडता मागे यायची. त्यासाठी सुटायच्या रुळावर ब्रेकच्या पट्ट्या वर उभ्या राहतात, गाडी अलगद थांबते, पुन्हा सोडतात. आमच्यासारख्यांना तो अनुभव म्हणजे लॉटरी. मला एकदाच मिळाला, २०११ मध्ये. अख्खी गाडी टाळ्या वाजवत होती.

माझी मुलगी २०२४ च्या ऑक्टोबरात त्या राईडच्या मोजपट्टीखाली उभी राहिली. ५४ इंच लागायचे, ती एका इंचाने कमी. रडली नाही, पण परतताना गाडीत गप्प होती. मी म्हटलं, "अगं, उन्हाळ्यापर्यंत दोन इंच वाढशील." १० नोव्हेंबरला ती राईड शेवटची चालली आणि १४ तारखेला कळलं की ती चालण्याचा तो शेवटचा दिवस होता. २८ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे सुरुंग लावून मनोरा पाडला. आम्ही दोघं मोबाईलवर बघत होतो. ४५६ फूट आडवे व्हायला काही सेकंद पुरले.

कंपनीला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. तेलाच्या दाबावर चालणारी ती सुटण्याची यंत्रणा सांभाळणं फार जड काम होतं, आणि जॅक्सनच्या वाऱ्यापावसात तर आणखीच. बंद करण्याचा निर्णय मला समजतो. पण शेवटचा दिवस आधी माहीत असता तर मी रजा टाकून गेलो असतो. मुलगी बसू शकली नसती तरी तिला कुंपणापाशी उभी करून राईड दाखवली असती. मुलगी आता ५६ इंच आहे.

गोराईहून, एकच गोष्ट

मी इथलाच. मे महिन्यात आणि शाळांच्या सहलींच्या दिवसांत जेट्टीवर पाय ठेवायला जागा नसायची. सरबत, काकडी, टोप्या, सगळं विकलं जायचं. पार्क बंद होतं तेव्हा आत राईड थांबते, बाहेर चूल थांबते. धाग्यात एवढं असू द्या.

कऱ्हाडहून, शाळामास्तर

मी सातवीच्या मुलांची सहल घेऊन गेलो होतो. पार्कचं नाव लिहीत नाही, ताईंनी घातलेली अट योग्य आहे. एसटीच्या दोन गाड्या, शहाण्णव मुलं, पहाटे तीनला निघालो. बरीच मुलं पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर चालली होती. जत्रेतला आकाशपाळणा आणि ब्रेक डान्स एवढीच त्यांची राईडशी ओळख. एका मुलाचे वडील ऊसतोडीला होते. त्याचे सहलीचे पैसे आम्ही शिक्षकांनी मिळून भरले होते.

मोठ्या कोस्टरच्या रांगेत सव्वा तास उभं राहिल्यावर, अगदी गाडीपाशी पोचल्यावर, तिथल्या माणसाने सात मुलांना उंची कमी म्हणून बाजूला काढलं. नियम बरोबरच आहे. उंची कमी असेल तर खांद्यावरचा अडसर अंगाला नीट बसत नाही, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. ती मोजपट्टी रांगेच्या तोंडाशी का नव्हती? सव्वा तास त्या सात जणांनी एकमेकांशी पैजा लावल्या, कोण ओरडेल, कोण डोळे मिटेल. आणि शेवटच्या पायरीवरून सगळ्यांच्या देखत मागे फिरायचं. उसवाल्या घरचा तो मुलगा त्यातच होता.

त्या वेळी राईड चालवणारी एक मुलगी होती, विशीबाविशीची. तिने वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बोलून या सातही जणांना लगेच शेजारच्या पाण्यातल्या होडीच्या राईडवर रांगेशिवाय बसवलं. स्वतः येऊन बसवलं. तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. मी परत आल्यावर पार्कला पत्र लिहिलं, मोजपट्टीची सूचना केली आणि त्या मुलीचं कौतुक. उत्तर आलं नाही. तिच्यापर्यंत कौतुक पोचलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

पार्क चालवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कृपा करून मोजपट्टी पहिल्या वळणावर लावा. खर्च एका फळीचा आहे.

धागाकर्ती

सर, तुमच्या पत्राचं उत्तर आलं नाही याचं वाईट वाटलं. दारातच उंची मोजून मुलांच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधायची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. मग कुठल्या रांगेत उभं राहायचं हे मुलाला स्वतःलाच कळतं.

एडिसनकर, मुलीला माझा नमस्कार सांगा.

नाव नको, मेंटेनन्सवाला

अठरा वर्षं राईडच्या मेंटेनन्समध्ये काढली. आता निवृत्त आहे. कुठे होतो ते विचारू नका. या धाग्यावर मला बोलावंसं वाटलं, कारण लोक राईडवर बसतात ते आमच्या सकाळवर भरवसा ठेवून, आणि ती सकाळ कुणी बघितलेली नसते.

आम्ही साडेपाचला रुळावर. दोघं जण वरपासून खालपर्यंत चालत यायचो, कमरेला पट्टा, हातात टॉर्च. प्रत्येक बोल्टच्या माथ्यावरून खालच्या प्लेटपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. हजारो रेघा. डोळ्याला सवय झाली की तुटलेली रेघ आपोआप टोचते. मग गाडीची चाकं. त्यांच्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा थर असतो, त्याला भेग गेली किंवा तो सुटायला लागला की चाक बदलायचं. बेअरिंग गरम होतंय का ते हात लावून बघायचं, हात ओळखतो. मग गाडी रिकामी सोडायची. मग पाणी भरलेले पुतळे बसवून सोडायची. मग आमच्यातला एक जण बसायचा. त्यानंतर वहीवर सही, आणि मग तुम्ही.

वर्षातून एकदा गाडी पूर्ण उघडायची. आसांवर लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, थोडा वेळ ठेवून पुसायचं, वर पांढरी भुकटी फवारायची. केसाएवढी चीर असेल तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तशी रेघ मी माझ्या काळात दोनदा पाहिली. दोन्ही वेळा आस भंगारात गेला आणि राईड काही आठवडे बंद राहिली. लोकांनी खिडकीवर आरडाओरडा केला, अर्ध्या तिकिटाचे पैसे परत मागितले. त्यांचा राग मी समजू शकतो. पण त्या पांढऱ्या भुकटीवरची लाल रेघ त्यांनी पाहिली असती तर ते निमूट घरी गेले असते.

आणखी एक. चढावर मधेच गाडी थांबली की लोक किंकाळ्या फोडतात, व्हिडिओ काढतात, 'राईड बिघडली' म्हणतात. रुळाचे आम्ही भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असा नियम असतो. पुढच्या गाडीतले लोक उतरायला उशीर झाला, कुणाची ओढणी अडकली, कुणाला चक्कर आली, की मागची गाडी यंत्रणा आपणहून चढावर धरून ठेवते. चढाला दात असतात, त्यामुळे गाडी मागे सरकू शकत नाही. तो कट-कट आवाज त्याच दातांचा. गाडी थांबली याचा अर्थ बहुतेक वेळा यंत्रणा जागी आहे.

आता माझं दुःख. आमच्याकडे एका वर्षी मोठी नवी राईड आली. उद्घाटन, हार, फोटो. त्याच वर्षी जुन्या कोस्टरच्या चाकांचा जादा साठा मी मागितला तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. बाहेरून मागवायची चाकं, यायला महिने लागायचे. मी एक गाडी बाजूला काढली, तिची चांगली चाकं दुसरीला लावली आणि दोनऐवजी एका गाडीवर राईड चालवली. सुरक्षेत तडजोड केली नाही, कधीच नाही. पण एका गाडीमुळे रांग दुप्पट झाली, आणि त्या उन्हात उभ्या असलेल्या बायापोरांकडे मला बघवायचं नाही. नव्या राईडच्या हारांवर झालेल्या खर्चात चाकं आली असती.

नवी राईड नको असं मी म्हणत नाही. नवीन आल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, हेही पाहिलंय. फक्त जुनीच्या चाकांचे पैसे आधी बाजूला काढा, मग हार आणा.

पुण्याहून, नायट्रोप्रेमी

काका, तुमच्या रेघा वाचल्यापासून मी चार वेळा कॉमेंट लिहायला घेतली आणि पुसली. आम्ही फॅन लोक फूट, मैल आणि गाडी किती वेळा उलटी होते ते मोजत बसतो. बोल्टवरची रेघ पहिल्यांदाच कळली.

मी इमॅजिकावाला. एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीला ते उघडलं तेव्हा मी बारावी संपवून बसलो होतो. एक्स्प्रेसवेवरून लांबून रुळांची वळणं पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं की अरे, हे आपल्याकडे? नायट्रो ही स्विस कंपनी बी अँड एमची, तळ नसलेली कोस्टर. बसल्यावर पायाखालची फरशी सरकून जाते आणि पाय लोंबकळायला लागतात. एकशे तीस फुटांच्या आसपास उंची, पाच वेळा उलटं. सगळ्यात पुढची रांग मिळाली तर समोर सह्याद्री आणि पायांखाली काहीही नाही. मी तिच्यावर आजवर साठच्या वर वेळा बसलो असेन. माझं ऐका, शेवटच्या ओळीत बसा. उतारावर मागची ओळ पुढच्यांच्या वजनाने खेचली जाते, तिथे मजा जास्त.

पण मला इमॅजिकाबद्दल खरा जिव्हाळा आहे तो 'राजासोरस रिव्हर ॲडव्हेंचर'मुळे. होडीतून अंधारात जायचं, डायनोसॉर, आणि शेवटी धपकन पाण्यात. राजासोरस हा खरा डायनोसॉर आहे, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्याला नाव मिळालं. परदेशी पार्कची नक्कल करायची सोडून इथल्या मातीतलं जनावर घ्यायचं, ही बुद्धी ज्याला सुचली त्याला माझा दंडवत. 'आय फॉर इंडिया'चंही तेच. पाय हवेत सोडून मोठ्या पडद्यासमोर बसवतात आणि देशावरून उडवून आणतात. माझ्या आजीचं अर्धं आयुष्य पंढरपूर आणि आळंदी एवढ्यात गेलं. तिथे बसून तिने बर्फाचे डोंगर पाहिले आणि दोन्ही हात जोडले.

२०२२ पासून पार्क मालपाणी समूहाकडे आहे. लोणावळ्याचं वेट अँड जॉय, शिर्डीचं वॉटर पार्क आणि साई तीर्थ हे सगळं त्यांचंच. नवीन गावात नवीन पार्क काढायचं की खोपोलीत भर घालायची, यावर आमच्या ग्रुपमध्ये रोज वाद होतो. माझं मत खोपोलीकडे. वॉटर पार्क काढायला जागा आणि पाणी लागतं, मागणी भरपूर, पैसे लवकर वसूल होतात. त्यामुळे सगळे वॉटर पार्क काढतात. कोस्टर आणि अंधारातल्या गोष्ट सांगणाऱ्या राईड्स महाग, दुरुस्तीला अवघड. महाराष्ट्रात त्या एका छताखाली असलेली ही जागा आहे. एस्सेलवर्ल्ड गेल्यावर तर मला तिचं जास्तच महत्त्व वाटतं. दुसरी मोठी कोस्टर आली तर मी खोपोलीपर्यंत चालत जाईन, नवस समजा. पण काकांचं वाचल्यावर आज क्रम बदलतो : आधी नायट्रोची चाकं, मग दुसरी कोस्टर.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी : जुलैत घाटाचा पाऊस खोपोलीवर कोसळतो, जोर वाढला की उघड्यावरच्या मोठ्या राईड्स थांबवतात. आतल्या राईड्स तेव्हा करून घ्या आणि उघडीप मिळाली की नायट्रोकडे पळा.

ठाण्याहून

तिकिटाबद्दल कुणीच बोललं नाही. चौघांचं कुटुंब, जाण्यायेण्याचा खर्च, आतलं जेवण, एका दिवसात महिन्याचा किराणा जातो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा थीम पार्कवर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ पासून १८ झाला. तोही जास्तच वाटतो. पोरांना दिवसभर मोकळ्या हवेत पळवणारी जागा ही चैनीची वस्तू म्हणून मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आइंडहोवन, नेदरलँड्सहून

धागाकर्तीच्या 'वीस वर्षांची राईड' या कसोटीला माझ्याकडे चांगलं उत्तर आहे.

इथून जवळच एफ्टेलिंग आहे. १९५२ साली परीकथांचं जंगल म्हणून सुरू झालं. झाडांमध्ये छोटी घरं, खिडकीतून डोकावलं की आतली गोष्ट हलायला लागते. कचऱ्याच्या पेट्या म्हणजे मोठ्या तोंडाचे जाडे बुवा. ते सारखे 'पापीर हीर' म्हणजे 'कागद इथे' असं ओरडतात, आणि तोंडात कागद घातला की ओढून घेऊन आभार मानतात. माझा चार वर्षांचा मुलगा जमिनीवरचे कागद शोधत फिरत होता. मी मराठीत दहा वेळा सांगून जे झालं नाही ते त्या पेटीने एका दुपारी केलं. १९६६ पासून तिथे 'भारतीय कमळं' नावाचा एक देखावा आहे, पाण्यात कमळं उमलतात, आत छोट्या पऱ्या नाचतात. गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओला यांची. त्यातलं भारत आपल्याला ओळखीचं वाटणार नाही, पण साठ वर्षं जुनी यांत्रिक कमळं रोज न चुकता उमलतात, आणि त्या कमळांसाठी कुणीतरी रोज सकाळी काकांसारखं टॉर्च घेऊन उतरत असणार, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

तिथली पायथॉन कोस्टर १९८१ ची. दोन गरके, दोन पिळे. जुनी झाली तेव्हा ती काढून टाकणं सोपं होतं. त्यांनी २०१८ मध्ये तिचा बहुतेक सगळा रूळ नवा बसवला, आकार तोच ठेवला. ज्या बापाने लहानपणी तिच्यावर पहिल्यांदा किंचाळून घेतलं तो आज मुलाला घेऊन त्याच वळणावर किंचाळतो.

आणि काढायची वेळ आली तेव्हाही पद्धत बघा. १९७८ चा त्यांचा भुताचा वाडा, स्पोकस्लॉट, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कायमचा बंद केला. आधीच जाहीर केलं होतं. लोक शेवटचं बघायला आले, रांगा लागल्या, काही जण रडले. त्याच जागी २०२४ च्या ऑक्टोबरअखेर नवीन भुताटकीची राईड उघडली, 'डान्स मकाब्र'. नवीन फारच सुंदर आहे, पण लोकांनी तिला जवळ केलं यात त्या निरोपाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. हे पार्क एका प्रतिष्ठानच्या मालकीचं आहे, भागधारकांचं नाही. त्यामुळे घाई कमी असावी.

तोक्योहून

आइंडहोवनकरांना दुजोरा. इथल्या डिस्नीलँडची स्पेस माउंटन १९८३ पासूनची, पार्क उघडलं त्या दिवसापासूनची. ती पाडून नवी बांधणार आणि २०२४ मध्ये बंद होणार, हे २०२२ मध्येच सांगून ठेवलं होतं. दोन वर्षं! माझ्या ऑफिसातल्या एका पन्नाशीच्या बाईंनी त्या दोन वर्षांत आठ वेळा जाऊन घेतलं. नवीन २०२७ साठी ठरलंय.

सनीवेल, कॅलिफोर्नियाहून

आमचं शेजारचं पार्क सांता क्लाराचं ग्रेट अमेरिका, १९७६ चं. २०२२ मध्ये त्याखालची जमीन ३१ कोटी डॉलरला गोदामं बांधणाऱ्या कंपनीला विकली गेली आणि पार्क काही वर्षांच्या भाड्यावर उरलं. आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव, त्यापुढे लाकडी कोस्टरचा काय टिकाव लागणार? पण ते जाणार हे निदान आधी माहीत आहे. माझी मुलं दर शनिवारी म्हणतात, 'आई, अजून आहे ना?' आहे म्हटलं की बूट घालतात. गोल्ड स्ट्रायकरचा लाकडी खडखडाट मी मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवला आहे, पहिल्या बोगद्यापासून ब्रेकपर्यंत.

बेंगळुरूहून

कोस्टर मला झेपत नाही, तरी लिहिते. सासूबाई एकसष्ट वर्षांच्या, मूळ बार्शीच्या. वंडरलाला गेलो होतो. २००५ पासून इथे बिडदीजवळ आहे, त्याआधी २००० मध्ये कोचीला पहिलं निघालं. त्यातल्या बऱ्याच राईड्स ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात, हे आमच्या ह्यांना फार कौतुकाचं वाटतं. मला कौतुक स्वच्छ पाण्याचं आणि कपडे बदलायच्या खोल्यांचं.

पाण्यात साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात. आधी आम्ही एका दुसऱ्याच पार्कला गेलो होतो, तिथे दारातल्या माणसाने ते इतक्या मोठ्याने सुनावलं की सासूबाई दिवसभर बाकावर बसून राहिल्या, पर्स सांभाळत. वंडरलात बाईच होती काउंटरला. तिने शांतपणे पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख दाखवला, वाहत्या पाण्यात साडीत पाय कसा अडकतो ते समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू तरी." लाटांच्या तलावात पहिली लाट आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, तिसऱ्या लाटेला सोडला. "बार्शीत आम्ही हंड्याहंड्याने पाणी मोजलं गं," एवढंच बोलल्या आणि परत आत गेल्या. संध्याकाळी शिट्टी वाजेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

विस्तार, नवी राईड, सगळं होऊ दे. मला प्रत्येक पार्कच्या दारात तशी एक बाई हवी.

मेंटेनन्सवाला

कऱ्हाडचे सर, तुमच्या त्या राईड चालवणाऱ्या मुलीबद्दल. पत्रं बहुतेक वेळा ऑफिसातच फायलीला लागतात, खाली पोचत नाहीत. पण आमच्याकडे एकदा एका शाळेचं पत्र सुपरवायझरने पॅनेलच्या काचेवर चिकटवलं होतं. मी निवृत्त झालो तेव्हाही ते तिथेच होतं, उन्हाने अक्षरं फिकी झालेली.

धागाकर्ती

काका, हे लिहिलंत, फार बरं केलंत.

दिवाळीच्या सुट्टीत मी भाच्याला घेऊन खोपोलीला जाते आहे. पुणेकर, शेवटची ओळ लक्षात ठेवली आहे. चढावर गाडी थांबली तर त्याला दातांचं समजावून सांगेन. या वेळी मोठ्या कोस्टरला बसू देतील की नाही, याचा त्याने ध्यास घेतलाय. रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतो आणि मला पेन्सिलने रेघ ओढायला लावतो. कालची आणि आजची रेघ एकच आली. म्हणाला, मावशी, तू पेन्सिल तिरकी धरलीस, उद्या परत.